शाळेची भिंत आणि गावाची पट्टी
(व्याख्यानाचा संपादित भाग)



२८ ऑगस्ट २०१७ या दिवशी नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची इमारत पावसात कोसळली आणि वर्गात बसलेली तीन मुले दगावली. त्यानंतर जे व्हायचे ते सारे झाले. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी बसली, धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या तयार झाल्या. याद्या हाती आल्यावर मात्र प्रशासनापुढे जुनाच प्रश्न उभा राहिला. या खोल्या पाडायच्या, हे ठीक; पण नव्या बांधायच्या कोणाच्या पैशाने? शेवटी शिर्डीच्या साईबाबा संस्थानाकडे हात पसरावा लागला. मराठी मुलखात सहकारी साखर कारखानदारीचे माहेरघर म्हणविणारा जिल्हा आपल्या लेकरांच्या डोक्यावरचे छप्पर देवाच्या दानपेटीतून मागतो, याची खंत कोणाला फारशी वाटली नाही. पुढे २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी शाळेचे छत पडून सात मुले गेली. पुन्हा याद्या, पुन्हा तोच प्रश्न.

शिक्षकांचा पगार शासन देते, पुस्तके शासन देते, पोषण आहारही शासन देते. शाळेची इमारत मात्र अशी वस्तू आहे की, ती सर्वांची म्हणून कोणाचीच नसते. बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जाऊन 'ही शाळा कोणाची?' असे विचारले, तर उत्तर येते, 'झेडपीची.' देऊळ मात्र गावाचे असते. देवळाचे शिखर गळू लागले, तर ग्रामस्थ तहसीलदाराकडे अर्ज करीत नाहीत. चार जाणती माणसे पारावर बसतात, घरटी वर्गणी ठरते आणि पुढल्या सप्ताहापूर्वी शिखराला रंग लागलेला असतो. त्याच गावाच्या शाळेचे पत्रे दहा वर्षे गळत राहतात. गावात पैसा नाही, म्हणून हे घडते असे म्हणता येणार नाही. शाळेचे पालकत्व गावाच्या हातून कधी आणि कसे निसटले, हे समजून घेतल्यावाचून या विषयाचा उलगडा होणार नाही.

धर्मपाल यांनी इंग्रजी दफ्तरे धुंडाळून १९८३ मध्ये 'द ब्युटिफुल ट्री' हा ग्रंथ सिद्ध केला. १८२२ ते १८२६ या काळात मद्रास इलाख्याचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने करवून घेतलेली देशी शाळांची पाहणी त्यात आहे. त्या ग्रंथातील एक गोष्ट वारंवार सांगितली जाते : गावोगाव शाळा होत्या आणि अनेक जिल्ह्यांत त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी शूद्र म्हणून गणल्या गेलेल्या जातींचे होते. दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते आणि आजच्या विषयासाठी तीच अधिक मोलाची आहे. या शाळा चालत कशा? गावाच्या आणि परगण्याच्या महसुलातील ठरावीक वाटा मुळातच शाळा, देवस्थान, तलाव, वैद्य यांच्यासाठी बाजूला काढलेला असे. तो वाटा वर जातच नसे. इंग्रजांनी महसुलाची व्यवस्था हाती घेतली, हे वाटे बंद किंवा कमी केले आणि सारा पैसा वरच्या तिजोरीत ओढला. झाड सुकले याचे कारण मुळाचे पाणी तोडले गेले, हे होते. शाळा बंद करा असा हुकूम काढण्याची गरजच पडली नाही.

पैसा वर गेला, की तो खाली येताना अनुदान होऊन येतो. कर आणि अनुदान यांत फरक मोठा आहे. कर देणारा हिशेब विचारू शकतो, अनुदान घेणाऱ्याला हात जोडून उभे राहावे लागते.

इंग्रजांनाही पुढे स्थानिक कामांसाठी पैसा लागू लागला, तेव्हा त्यांनी वेगळी पट्टी बसविली. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला कायमचे रूप आले. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखलेला होता. वऱ्हाड १८५३ पासून निजामाने इंग्रजांच्या कारभारात दिलेला मुलूख. त्यामुळे बुलढाण्याचे कायदे मुंबईहून निराळे. परंतु शेतसाऱ्याला जोडून शाळा, रस्ते अशा कामांसाठी पट्ट्या घेण्याची रीत येथेही होती. म्हणजे मेहकर-चिखलीकडचा कुणबी दीडशे वर्षांपूर्वीही शाळेसाठी कर भरीत होता. त्याचा मुलगा मात्र शाळेत नव्हता.

नेमके याच विसंगतीवर महात्मा जोतीराव फुले यांनी बोट ठेवले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सुनावले, की तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. जोतीरावांच्या अन्य मतांविषयी कोणाचे काही म्हणणे असो. या प्रश्नावर त्यांचा निशाणा अचूक होता. कर कोण देतो, तो कोणावर खर्च होतो आणि ते कोण ठरवितो, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र बांधले. आजही ते सुटे करता येत नाहीत.

यानंतर येतात नामदार गोखले. त्यांच्या १९११ च्या विधेयकाचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत 'सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक' एवढ्या एका ओळीत संपतो आणि त्यातील खरी गंमत हरवून जाते. गोखल्यांनी देशभर एकदम सक्ती करा, असे मुळीच म्हटले नव्हते. त्यांचे विधेयक परवानगीचे होते. एखाद्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला वाटले, की आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करावे, तर सरकारच्या मंजुरीने तिने ते करावे. त्यासाठी तिला स्वतंत्र शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार असावा. आणि जो खर्च येईल त्याचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी ती योजना होती. ज्याची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी, त्या पालकाकडून फी घेऊ नये, हेही त्यात होते. किती हिशेबी आणि किती व्यवहारी योजना! स्थानिक लोकांनी आधी आपला एक रुपया ठेवावा आणि मग सरकारकडे दोन मागावेत. मागणाऱ्याचा हात रिकामा नसला, म्हणजे त्याच्या मागणीला वजन येते, हे त्या गणिताच्या प्राध्यापकाला पुरते ठाऊक होते.

१९ मार्च १९१२ रोजी कायदे कौन्सिलात ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक पडले. सरकारी सभासद विरोधात जाणार, हे उघडच होते. परंतु देशी लोकांतही कुरकूर कमी नव्हती. पट्टी वाढेल, रयत बिथरेल, मजूर मिळणार नाहीत, असे आक्षेप जमीनदारांपासून नगरपित्यांपर्यंत अनेकांनी घेतले. शिक्षणावर भाषणे देणारे कितीतरी जण 'पट्टी' हा शब्द येताच गप्प झाले. हा अनुभव शंभर वर्षांत जुना झालेला नाही. कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला ग्रामसभेत उभे करून घरपट्टी वाढविण्याचा ठराव मांडायला सांगावे, म्हणजे प्रचीती येईल.

गोखले १९१५ मध्ये गेले. त्यांच्या कल्पनेचा अंश विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरत्या कायद्यात आणला. मध्य प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तोही परवानगीचाच. संस्थानिकांना अर्थात कौन्सिलच्या मतांची चिंता नव्हती. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर सक्ती लागू केली आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू करून मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. परंतु राजाने दिलेली शाळा आणि लोकांनी मत देऊन, पदरचा पैसा घालून उभी केलेली शाळा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजा बदलला, की पहिली अडचणीत येते.

वऱ्हाडात लोकनियुक्त माणसाने हे धाडस केल्याचे ठळक उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुख यांचे. १९२८ च्या सुमारास अमरावती जिल्हा कौन्सिलची सूत्रे हाती येताच त्यांनी प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविण्याचा अप्रिय निर्णय घेतला. शेतकऱ्यांचा पुढारी शेतकऱ्यांवर कर वाढवितो, ही त्या काळीही चकित करणारी गोष्ट होती. तरी त्यांचे लोकांतील वजन उतरले नाही. १९३२ मध्ये त्यांनी स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था पुढे विदर्भभर, बुलढाणा जिल्ह्यातही पसरली. विलायतेहून वेदवाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस लोकांच्या नजरेला नजर देऊन पैसे मागू शकला, कारण पैसा कोठे जातो, ते लोकांना समोर दिसत होते. अमरावतीजवळच्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा तर कीर्तनात, भांडी विका पण पोरांना शिकवा, असे सांगत आणि जमलेल्या पैशातून धर्मशाळा व वसतिगृहे बांधीत. त्या काळात समाज देत नव्हता, असे म्हणण्यास काही आधार नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? बुलढाणा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. तेथे तहसीलनिहाय जनपद सभा होत्या. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. या कायद्यात स्थानिक उपकर ठेवला होता, सुरुवातीला शेतसाऱ्याच्या रुपयामागे वीस पैसे. पंचायत समितीच्या मागणीवरून तो वाढविण्याची आणि त्या वाढीवर शासनाकडून सापेक्ष अनुदान मिळण्याची तरतूदही आहे. गोखल्यांच्या विचाराची ही दूरची सावलीच म्हणायची. जिल्हा परिषदेच्या बोलीत स्वनिधीला आजही 'सेस' म्हणतात, ते त्या उपकरावरूनच. पण हा उपकर ज्या शेतसाऱ्यावर उभा आहे, तो साराच कित्येक दशकांपूर्वीच्या आकारणीचा. एकराला मोजके रुपये. त्यावरचा उपकर कित्येक पट केला, तरी त्यातून एखाद-दुसरा पूल आणि चार शिलाई यंत्रे यांपलीकडे काही निघत नाही. वर्गखोल्यांसाठी मग सर्व शिक्षा अभियान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी अशी दारे ठोठवावी लागतात. सर्व शिक्षा अभियानात, २००१ नंतर, बांधकाम ठेकेदाराऐवजी ग्रामशिक्षण समितीने करावे असा चांगला नियम होता. ज्या गावांत समितीने तो मनापासून पाळला, तेथील खोल्या वेगळ्या ओळखू येतात. जेथे कागदावर समिती आणि प्रत्यक्षात सरपंचाचा मेहुणा असा प्रकार झाला, तेथील खोल्याही ओळखू येतात.

नागरिक शिक्षणासाठी कर देत नाही, हा समज तर साफ चुकीचा आहे. तो तीन-तीनदा देतो. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आला. खामगाव, मलकापूर, शेगाव यांसारख्या नगरपालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलात 'शिक्षण कर' असा रकाना असतो. वसुली नगरपालिका करते आणि पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. नगरपालिकेच्या शाळेची खिडकी तुटली, तर त्या रकान्यातील पैशाचा तिला उपयोग नाही. २००४ मध्ये केंद्राने दोन टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढविला आणि २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के घेतले जातात. उपकराचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, ही त्यातील मेख. आणि तो ज्यासाठी घेतला त्यासाठीच वापरला का? २००६-०७ ते २०१६-१७ या काळात माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरापोटी ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली आणि तिच्यासाठी स्वतंत्र कोषच उघडलेला नव्हता, हे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. तो कोष स्थापण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. सरकारे कोणाची होती, हा येथे मुद्दा नाही; दोन्ही बाजूंची होती. दूर बसून गोळा केलेला कर असाच हरवतो.

आणखी एक टोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. गावाने वर्गणी काढून शाळेची खोली बांधायला घेतली, तर तिच्या सिमेंटवर जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. आता तो १८ टक्के झाला आहे. लोखंडावर १८ टक्के आहेच. म्हणजे शाळेसाठी कर मिळण्याऐवजी शाळेवरच कर बसतो.

विक्रीवरील कराचे आपल्याकडचे स्थानिक रूप म्हणजे जकात. तिचा जाच होता, नाक्यावरचा भ्रष्टाचार होता, मालमोटारींच्या रांगा होत्या. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, ते योग्यच झाले. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने जकातीचा विषय राज्यसूचीतूनच काढला आणि विक्रीकराची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. त्यामुळे उद्या बुलढाण्याच्या लोकांनी एकमताने ठरविले, तरी शाळेसाठी बाजारातील विक्रीवर टक्काभर कर बसविणे त्यांना शक्य नाही. विक्रीवर होणारी एकच स्थानिक आकारणी उरते, ती कृषी उत्पन्न बाजार समितीच्या सेसची. वऱ्हाडाचे यातील स्थान मोठे आहे. कापूस आणि धान्य बाजारांचा १८९७ चा वऱ्हाडचा कायदा देशातील नियंत्रित बाजारांचा पाया समजला जातो. खामगावच्या कापसाच्या गाठींनी कित्येकांची घरे भरली. त्या सेसमधून शाळा का बांधू नयेत, असे कोणालाही वाटेल. पण तो कर नसून शुल्क आहे. पंजाबातील बाजार समित्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट केले, की शुल्क भरणाऱ्याला ज्या सेवा मिळतात, त्यांवरच ते खर्च व्हायला हवे. इतर लोकोपयोगी कामांसाठी बाजार शुल्काची तिजोरी उघडता येत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात हे कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. अटलांटाच्या भोवतीच्या ग्विनेट आणि फोर्साइथ या काउंटींत मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांची मुले ज्या शाळांत जातात, त्यांतील कितीतरी इमारती या पद्धतीने उभ्या राहिल्या आहेत. १९९६ मध्ये तेथील राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि १९९७ पासून काउंटीच्या मतदारांनी मंजुरी दिल्यास विक्रीवर एक टक्का जादा कर शाळांसाठी घेता येऊ लागला. अटी तीन. एक, कर जास्तीत जास्त पाच वर्षे. नंतर पुन्हा मतदारांकडे जायचे. दोन, पैसा बांधकाम, दुरुस्ती, बस, उपकरणे अशा भांडवली कामांवर किंवा त्यासाठीचे कर्ज फेडण्यावर. शिक्षकांच्या पगारावर नाही. तीन, कोणती कामे करणार, ते मतदानापूर्वी जाहीर करायचे. मतदार त्या कामांच्या यादीला मत देतो. पाच वर्षांनी शाळा मंडळ पुन्हा दारात येते, तेव्हा मागच्या यादीतील कोणती खोली झाली आणि कोणती राहिली, हे तो बोटे मोडून सांगू शकतो.

सारेच तेथे सोन्याचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या काउंटीत मोठे मॉल आणि महामार्ग, तिला वाटसरूंच्या खरेदीतूनही पैसा मिळतो. शेजारची शेतकरी काउंटी तेवढाच टक्का लावून उपाशी राहते. किराणा मालाला राज्याच्या विक्रीकरातून सूट आहे, पण या स्थानिक टक्क्यातून नाही. म्हणजे गरिबाच्या दुधा-पावावरही शाळेचा कर पडतो. आणि नोकरीच्या व्हिसावर गेलेला आपला मराठी अभियंता तो कर दररोज भरतो, मत मात्र देऊ शकत नाही! तेव्हा विक्रीकर हा त्या पद्धतीचा दुबळा भाग आहे आणि घटनेने तो आपल्याकडे बंद केला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. मुदत, यादी आणि मतदान या गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत.

'हे परदेशी खूळ आपल्या खेड्यांत कसे चालणार?' असा प्रश्न लगेच येतो. त्याला उत्तर महाराष्ट्रातील बायकांनी आधीच दिले आहे. गावातील दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे, यासाठी आपल्याकडे उभी बाटली आणि आडवी बाटली यांवर गुप्त मतदान होते. निकालासाठी झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. एकूण मतदार महिलांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. इतकी कठीण अट असूनही राज्यातील अनेक गावांनी बाटली आडवी केली. धनदांडग्या दारूविक्रेत्याविरुद्ध जी बाई पडद्याआड जाऊन शिक्का मारू शकते, तिला शाळेच्या तीन खोल्यांसाठी वर्षाला किती रुपये द्यायचे, हे ठरविता येणार नाही, असे कोण म्हणेल?

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने शिक्षण हा विषय अकराव्या अनुसूचीत घातला आणि पंचायतींना कर लावण्याचा अधिकार देण्याची वाट मोकळी केली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी, यात्रा कर अशी यादी आहे. तिच्यात 'शाळा बांधकाम पट्टी' या एका बाबीची भर विधिमंडळाने घालावी, एवढीच सूचना. ती घरपट्टीच्या ठरावीक टक्क्यांत असावी, म्हणजे माडीवाल्याला जास्त आणि कुडाच्या घराला नाममात्र पडेल. भूमिहीनाला आणि विधवेला सूट असावी. मुदत तीन वर्षे, त्यापुढे एक दिवसही नाही. शाळा व्यवस्थापन समितीने शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेचा विकास आराखडा करायचा असतोच. त्या आराखड्यातील कामांची यादी अंदाजपत्रकासह फलकावर लागावी आणि हात वर करून नव्हे, गुप्त मतदानाने गावाने निर्णय द्यावा. ग्रामसभेत हात वर करताना माणूस सावकाराकडे आणि पाटलाकडे पाहतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

आणि शासनाचा वाटा? गोखल्यांनी दोनास एक म्हटले होते. आज एकच प्रमाण सर्वत्र लावले, तर जॉर्जियाचाच दोष येथे येईल. खामगाव किंवा मलकापूरच्या बाजाराजवळचे गाव लाखांनी गोळा करील आणि जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली आदिवासी गावे हजारांवर थांबतील. म्हणून गाव जितके गरीब, तितका शासनाचा वाटा मोठा असावा. काही पाड्यांपुरते गावाने श्रमदान दिले, तर तेही पट्टीच समजावे.

वर्गणी आहे ना, मग पट्टी कशाला, असे म्हणणारे पुष्कळ सज्जन आहेत. लोकवर्गणीने या राज्यात मोठी कामे केली. रयत शिक्षण संस्थेची मूठभर धान्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीसारखी जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून आणि उद्योगांच्या साहाय्यातून उभी राहिली. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढून दाखविले. या साऱ्यांपुढे नतमस्तकच व्हावे. परंतु भक्ताने श्रद्धेने टाकलेले नाणे हे शासनाच्या कर्तव्याची भरपाई नव्हे आणि जिल्हा परिषदेने त्यावर हक्क सांगणे तर मुळीच शोभत नाही. शिवाय वर्गणी देतो तोच नेहमी देतो. गावात सर्वांत मोठे शेत ज्याचे, त्याची मुले बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जातात; तो वर्गणीच्या वेळी नेमका परगावी असतो. पट्टीतून त्याला सुटता येत नाही, हा पट्टीचा गुण आहे.

जिल्ह्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना यावर जो आक्षेप ऐकावा लागेल तो मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर गावकऱ्यांनी नव्हे, शासनाने द्यायचे आहे. 'शिक्षणाचा कर आम्ही आधीच भरतो, तो गेला कुठे?' राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा २०२२ नंतर काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. लोकांनी निवडलेला सभासद नसताना उपकर वसूल होत राहिला. अशा वेळी नवी पट्टी मागणे म्हणजे कोडगेपणा वाटेल. म्हणून क्रम उलटा हवा. राज्य शिक्षण उपकरापोटी प्रत्येक नगरपालिकेतून किती रक्कम गेली आणि तेथील शाळांवर त्यातील किती आली, हे राज्य सरकारने प्रतिवर्षी प्रसिद्ध करावे. जिल्हा परिषदेने उपकराचा हिशेब पंचायत समितीनिहाय मांडावा. शाळेच्या बांधकामासाठी गावाने घेतलेल्या सिमेंट-लोखंडावरचा कर परत मिळण्याची सोय करावी. एवढे झाले, की मग गावापुढे जावे.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. मेची सभा उन्हाळ्याच्या सुटीत येते, शाळा रिकामी असते. त्या दिवशी सभा शाळेच्या खोलीतच घ्यावी. लोकांनी वर पाहावे, कोठल्या तुळईला वाळवी लागली आहे आणि कोठून पाणी येते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि पावसाला पाच आठवडे उरलेले असताना यादी लिहायला बसावे.